कानबाईची पुतळी

लोक माझ्याकडे नाणं घेऊन येतात तेव्हा नाणं दाखवायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. दवाखान्यात रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरकडे बघावं, तसं. मला ते आवडत नाही, पण इतक्या वर्षांत त्यावर इलाज सापडलेला नाही. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत सुट्टीच्या सकाळी कुणी ना कुणी येतंच. रुमालाच्या घडीत, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, एकदा तर कंपासपेटीत ठेवून आणलेली मोहर मी पाहिली. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला असतो. त्यातला माणूस सांगत असतो की घरातलं एक जुनं नाणं विका आणि बंगला बांधा. मी भिंग काढतो, नाणं खिडकीशी नेतो आणि बहुतेक वेळा जे सांगावं लागतं ते सांगतो. मग आलेला माणूस अर्धा चहा तसाच ठेवून चप्पल शोधायला लागतो.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. नाण्यांचा नाद कॉलेजात लागला. वसतिगृहात राहत होतो. जुन्या बाजारात तांब्याच्या झिजलेल्या शिवराया ढिगाने मिळायच्या आणि त्या विद्यार्थ्याच्या खिशाला परवडायच्या. सोन्याची नाणी माझ्याकडे आजही नावापुरती आहेत. मात्र हाताळली पुष्कळ. सराफ बाजारात मोडीला आलेलं जुनं नाणं मुशीत टाकायच्या आधी एकदोन ओळखीचे दुकानदार मला फोन करतात. मी ऑफिस सुटल्यावर जातो, उभ्याउभ्या बघतो, हे वितळवा, हे ठेवा, असं सांगून घरी येतो. विकत न घेता बघत राहिल्यामुळे नजर तयार झाली असावी. ज्याला घ्यायचं असतं त्याला नाणं खरं निघावं असं वाटत असतं, आणि तसं वाटायला लागलं की डोळा लबाडी करतो.

जळगावात सोन्याबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना कस कळतो. त्यामुळे आमच्याकडे एक चूक सर्रास होते. सोनं चोख निघालं की नाणं खरं, असं लोक धरून चालतात. खोटं नाणं पितळेचं असतं, ही त्यांची पक्की समजूत. पण चांगल्या सोन्याचीसुद्धा खोटी नाणी पाडलेली आहेत, फार पूर्वीपासून. सराफाकडचं कस मोजणारं मशीन सोनं सांगतं. ते नाणं कुणी पाडलं, कुठे पाडलं, ते मशीनला कळत नाही. त्यासाठी अक्षरं बघावी लागतात, कड बघावी लागते आणि झीज बघावी लागते. हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना समजावलं आहे की आता बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

त्या श्रावणात धुळ्याहून फोन आला तेव्हाही मी हेच सांगून थकलेला होतो. फोन अक्काच्या पुतण्याचा होता.

अक्का म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. सगळं गाव अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथली शाळा सातवीला संपायची. वडील केळीच्या बागांत मजुरी करत. पोराला पुढे शिकवायचं म्हणजे कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. अक्काने निरोप पाठवला की पोराला माझ्याकडे धाडा. तिचं सासर धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठच्या एका गावात. आठवीपासून बारावीपर्यंत मी तिच्या घरी राहिलो. माझी बोली वेगळी, तिथली वेगळी. पोरं माझी नक्कल करायची. अक्का मात्र मला एकदाही पाहुणा म्हणाली नाही आणि उपकार केल्यासारखी वागलीही नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीच्या खाली कुणाची सही असायला हवी होती, ते मला माहीत आहे.

फोनवर पुतण्या म्हणाला, "भाऊ, रोटांच्या दिवशी तुला यायलाच पाहिजे. भिंग घेऊन ये."

"काय झालं?"

"कानबाईच्या गळ्यातली पुतळी डुप्लिकेट निघाली."

"कोणी सांगितलं?"

"पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो होतो. तिथे एक जण टेबल टाकून बसलेला. मोबाइलमधला फोटो बघितला आणि लगेच म्हणाला, नकली आहे. धुळ्याला मशीनवर लावली, तर सोनं चांगलं निघालं. म्हणजे बघ, किती डोकं लावलंय. सोन्याचीच डुप्लिकेट करून घेतली आणि असली विकून टाकली."

"कोणी?"

त्याने आवाज खाली आणला. मग तो म्हणाला, "त्या घरात राहतं कोण?"

त्या घरात अक्का एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन सुरतेला. दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते मुलाबरोबर धुळ्याला देवपुरात राहायला गेले. हा फोन करणारा त्यांचाच मुलगा, नळाच्या सामानाचं दुकान चालवणारा. पण घराण्याची कानबाई थोरल्या घरात, म्हणून ती अक्काकडेच राहिली. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर श्रावणात एका रविवारी नारळाला देवी म्हणून सजवतात, डोळे काढतात, नथ घालतात, दागिने चढवतात आणि भाऊबंद एका घरी जमून रोट करतात. रोट म्हणजे देवीच्या नावाने दळलेल्या गव्हाचा स्वयंपाक. तो त्या घराण्याच्या माणसांनीच खायचा. मी तिथे राहत होतो तेव्हा त्या दिवशी माझी भाकर वेगळ्या तव्यावर व्हायची.

त्यांच्या कानबाईच्या गळ्यात सोन्याची एक पुतळी असते. लाल दोऱ्यात ओवलेलं पातळ नाणं. त्यावर दोन माणसं आणि मधे एक काठी. त्यांच्या घरात सगळे सांगतात की ती कानबाई आणि तिचा नवरा कन्हेर, आणि मधला लग्नाचा खांब.

आता धुळ्याच्या घराने सांगितलं होतं की पुतळीचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय ते रोटांना बसणार नाहीत. वेगळी कानबाई मांडतील, वेगळे रोट करतील. शेत वेगळं होतं, चूल वेगळी होते, त्याचं कुणाला फार वाटत नाही. कानबाई वेगळी झाली की भाऊबंदकी संपली. आणि ती अक्काच्या चोरीमुळे संपली, असं सगळ्या गावात झालं असतं.

अक्कानेही फोन केला. शेजारणीच्या मोबाइलवरून.

"ये तू. पन मना बाजूनं बोलू नको. जे शे ते सांग."

"अक्का, तू काही—"

"माले नको इचारू. देख आनि सांग."

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याला उतरून पुढे काळीपिवळी. वाटेत मी मनाशी एकच गोष्ट टाळत होतो. शाळेत असताना दर श्रावणात ती पुतळी मी लांबून पाहिली होती. पुढे नाण्यांचा नाद लागला, नजर तयार झाली, तरी कधी तिला हात लावला नाही. देवीच्या गळ्यातल्या नाण्याला भिंग लावणं बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. पण अंदाज मला होता. खानदेशात घरोघर ज्या पुतळ्या सापडतात त्यांतल्या कितीएक इथल्याच सोनारांनी परदेशी नाण्यावरून पाडलेल्या असतात. सगळी वाट मी हेच मागत होतो की ही तेवढी अस्सल असावी.

घरी पोचलो तर ओसरीवर नाना आणि पुतण्या खुर्च्यांवर बसलेले, पाहुण्यासारखे. पुतण्याची बायको आत दळलेलं पीठ चाळत होती. म्हणजे ती कामाला लागली होती आणि नवरा अजून रागात होता. चौरंग मांडलेला, त्याला केळीचे खांब बांधलेले. नारळाला अजून काही चढवलं नव्हतं. अक्का पूर्वीपेक्षा वाळलेली दिसली. तिने मला पाणी दिलं, बरा आहेस का विचारलं आणि देव्हाऱ्यातून पितळेची डबी आणून माझ्यासमोर ठेवली.

"धर," ती म्हणाली. मग पुतण्याकडे वळली. "तुना खिसामा बी गई व्हती ना ही, धुळाले? वजन करी आनस म्हने. मग तुनावर कसा आळ नही ये?"

"काकू, मी दोन तासांत परत आणून दिली."

"माले काय म्हाईत तू तीच आनी का दुसरी?"

नाना हसले. अगदी थोडं. पण मुलाने बघितल्यावर हसू आवरलं.

मी पुतळी हातावर घेतली आणि उजेडाला आलो. खरं सांगायचं तर भिंगाची गरज पडली नाही. अस्सल पुतळी ही इटलीतल्या व्हेनिस नावाच्या शहराची. जुन्या काळी व्यापारातून जहाजांनी आलेली. तिच्यावर एक संत उभा असतो आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून तिथला राजा. दोघांच्या हातात निशाणाची काठी. बाजूने परदेशी अक्षरं. या पुतळीवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि वेडेवाकडे फराटे होते. ज्याने ठसा कोरला त्याला ती लिपी येत नव्हती. त्याने दिसलं तसं काढलं. गुडघे टेकलेला राजाही त्याला कळला नव्हता. त्याने त्याला सरळ उभा केला होता आणि त्याच्या झग्याच्या रेषा खांद्यावरून पदरासारख्या सोडल्या होत्या. म्हणून त्यांना ती कानबाई दिसत होती. ती होतीच तशी.

पाठीमागून पुतण्याचा आवाज आला. "सांग भाऊ. असली का नकली? एका शब्दात."

"एका शब्दात होत नाही."

"हां! सुरू झालं. अक्काच्या भाकरी बोलायला लागल्या."

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. मी त्या घरचं पाच वर्षं खाल्लं होतं, हे काही खोटं नव्हतं. पुतळी अस्सल आहे, एवढं म्हटलं असतं तर ती सकाळ तिथेच मिटली असती. कदाचित त्यांनी मानलंही असतं. पुण्याच्या माणसापेक्षा हा आपला, शिकलेला, सरकारी नोकरीतला. पण पुढच्या प्रदर्शनात दुसरा कोणी टेबल टाकून बसलाच असता. मग अक्काबरोबर मीही खोटा ठरलो असतो आणि तिच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नसतं. शिवाय तिने सांगितलंच होतं.

मी मोबाइलमध्ये साठवलेला अस्सल पुतळीचा फोटो उघडला आणि दोन्ही शेजारी धरून नानांना दाखवल्या. अक्षरं दाखवली. गुडघे टेकलेला राजा दाखवला.

"ही व्हेनिसची नाही," मी म्हणालो. "पुण्याच्या माणसाने बरोबर सांगितलं. ही नक्कल आहे."

पुतण्या खुर्चीतून उठला. "ऐकलं ना, बाबा? ऐकलं ना? आता घरचाच माणूस बोलला."

आतला चाळणीचा आवाज थांबला. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती नारळाकडे बघत होती.

"बस," मी पुतण्याला म्हणालो. "अजून झालं नाही. ही नक्कल आहे, पण ही बदललेली नाही. तुमच्या घरात पहिल्यापासून हीच आहे."

"ते तुला कसं कळलं? तू होतास का तेव्हा?"

"झिजेवरून."

मग मी ते सगळं सांगितलं. थकलेला असलो तरी त्या दिवशी सावकाश सांगितलं. हल्ली नाणं जुनं दिसावं म्हणून वाळूत घोळवतात, ॲसिड लावतात. मी नमुन्यासाठी अशी एक पितळेची पुतळी मुद्दाम बरोबर नेली होती. ती त्याच्या हातात दिली आणि भिंग दिलं. अशा नाण्यात झीज सगळीकडे सारखी असते. उंच भागावर तेवढीच आणि खोलातही तेवढीच, कारण वाळू सगळीकडे पोचते. वापरातलं नाणं असं झिजत नाही. जिथे स्पर्श होतो तिथेच ते झिजतं.

"आता ही बघ. मागची बाजू. मधे गुळगुळीत झाली आहे, आरशासारखी. कडेला नक्षी अजून टोकदार आहे. ही बाजू नारळाच्या अंगावर टेकते. दर वर्षी घासली गेली. पिढ्यान्‌पिढ्या."

पुतण्याने भिंग डोळ्याला लावलं. आधी उलटं, मग सुलटं.

"आणि ही कडी. दोऱ्याने आतून किती खाल्ली आहे बघ. केसाएवढी राहिली आहे. कडीच्या खाली जे लाल दिसतंय ते कुंकू आहे. दगडासारखं झालंय. नखाने निघत नाही. एवढं सगळं बनवायला कोणाला तरी तीन पिढ्या बसून राहावं लागलं असतं."

"मशीनवर काय होत नाही आजकाल?"

"होईल. पण मग ही पुढची बाजू बघ. दोन माणसं आहेत. डावीकडचा कन्हेर म्हणा. त्याचं नाक, डोळे, सगळं शाबूत आहे. उजवीकडच्या कानबाईचं तोंड पार पुसलं गेलंय. फक्त तिचंच. एकाच नाण्यावर, एकाच बाजूला. हे का, ते मला सांगता येत नाही."

आतून पुतण्याची बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"बघू," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या हातातून पुतळी घेतली. तिला भिंग लागलं नाही. "अहो, इथे आम्ही कुंकू लावतो. कानबाईला. कन्हेरला कुठे लावतो आपण? त्याला नुसत्या अक्षता." तिने अनामिका पुसट झालेल्या तोंडावर ठेवली. बोटाचं टोक त्या खळग्यात नीट बसलं. "मी आले त्या वर्षी अक्कांनी माझा हात धरून लावायला शिकवलं. तेव्हाही असंच गुळगुळीत लागलं होतं. मी विचारलंही होतं, हिला तोंड का नाही म्हणून."

"तू आधी का नाही बोललीस?" पुतण्या म्हणाला.

"तुम्ही विचारलं का कधी? तुम्ही पुण्याला विचारलंत."

पुतण्याने भिंग माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्या बोलण्याने कुणाचं काही बरं झालं. पण नाना मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मघापेक्षा वाईट झालेला होता.

"म्हंजे वहिनीनी बदली नही," ते म्हणाले. "पहिलेपाईनच खोटी शे."

"नक्कल आहे, नाना. सोनं चांगलं आहे."

"मंग मना आजानी देवीले खोटी पुतळी घाली?"

"आजोबांना कुठे माहीत होतं? सोनाराने पुतळी म्हणून दिली, त्यांनी घेतली. तेव्हा सगळीकडे अशाच मिळायच्या. सोनारानेही कदाचित फसवलं नसेल. लोकांना पुतळी पाहिजे होती, त्याने पाडून दिली."

"तू वहिनीले खरं करं आनि आजाले खोटं करं."

"मी कोणालाच खोटं म्हणत नाही."

"कोनी तरी व्हईच ना खोटं! पुतळी खोटी शे तं कोनी तरी खोटं शे."

लोकांना नाण्याचं खोटेपण माणसावर उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्यांना पुन्हा समजावायला लागलो. व्यापार, जहाजं, सोनार, ठसे. माझंच बोलणं मला लांबून ऐकू येऊ लागलं. नाना ऐकत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे आजोबा बाजारात फसून परत येत होते.

तेव्हा अक्का पुढे आली. तिच्यावरच्या आळाबद्दल तिने नानांना आणि मुलाला मिळून विचारलं,

"मनावरलं गयं का?"

पुतण्याने बापाकडे बघितलं.

"मी इचारी ऱ्हायनू. मनावर जे घालं व्हतं ते गयं का?"

"गयं वो वहिनी. गयं," नाना म्हणाले.

"तसं कोणी म्हणतच नव्हतं, काकू," पुतण्या म्हणाला. "आपलं नुसतं बोलणं चाललं होतं. कोणी तुमचं नाव घेतलं का?"

"नही," अक्का म्हणाली. "नाव नही लेतलं. सुरतनं नाव लेतलं."

म्हणजे पुतळीचे पैसे सुरतेला लेकीकडे गेले, असं बोललं गेलं होतं. पुतण्या जमिनीकडे बघायला लागला. त्याच्या बायकोच्या हातात अजून पुतळी होती. अक्काने तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली.

"आते ही तुमी लई जा. रोट झाले का संगे लई जा. नारळ बी लई जा. पुढला साले देवपूरले मांडा. आमी येसूत तठे."

"नको, नको," पुतण्या एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात मघाचा जोर नव्हता. "थोरल्या घरची कानबाई आहे. ती इथेच पाहिजे. तुम्हीच ठेवा, काकू. आम्ही कुठे म्हणतो?"

"माले नही जमस आते."

"आम्हाला तरी कसं जमेल? उद्या कोणी म्हटलं, यांनी—" तो थांबला. बाकीचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही. पण ते सगळ्यांना कळलं. एका सकाळीत ती पुतळी अशी झाली होती की जो सांभाळेल त्याच्यावरच बोट येणार. सोनं कमी झालं नव्हतं. देवीही तीच होती. फक्त ती कोणाला घरात नको होती.

अक्कालाही ते कळलं असणार, कारण ती म्हणाली, "मंग फोटू काढा."

"काय?"

"पुतळीना फोटू काढा. दोन्ही बाजूना. बठ्ठा जन काढा. पुढला साले देखी ल्या तीच शे का." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी काढ. जे जे दखाडं ते बठ्ठं फोटूमा येवाले पाहिजे."

मी काढले. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून काढले, कारण तसं नीट येतं. गुळगुळीत पाठ, खाल्लेली कडी, पुसलेलं तोंड. पुतण्याने काढले, त्याच्या बायकोने काढले. नानांचा मोबाइल साधा होता. ते म्हणाले, मला लागत नाही. मग परत म्हणाले की कोणाकडून तरी कागदावर काढून घेऊ. पुतण्याने फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं की पुतळी तपासली, सर्व ठीक आहे. नाशिकहून, सुरतेहून, मालेगावहून हात जोडलेले आणि अंगठे दाखवलेले येऊ लागले. मोबाइल एकसारखा वाजत होता.

"काय करी ऱ्हायनात?" अक्काने मला विचारलं.

"फोटो पोचले म्हणताहेत."

"बरं."

मला तिच्याजवळ बसून काही तरी बोलायचं होतं. तुझ्यामुळे मी शिकलो, असं मी तिला आजवर एकदाही म्हटलेलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणावं असं वाटलं, पण ते ऐकताना ती आणखी थकली असती. मी फक्त म्हणालो, "अक्का, तू सांगितलं तसं सांगितलं."

"व्हय, तू सांगं," ती म्हणाली. "मी आयकं बठ्ठं."

बाहेर पुतण्या चौरंगाची केळ नीट बांधत होता, जरा जास्तच मन लावून. नाना काहीतरी पुटपुटत अंगणात जाऊन उभे राहिले. पुतळी एका ताटलीत, हळदीच्या शेजारी ठेवलेली होती. येता-जाता जो तो तिच्याकडे नजर टाकत होता, जागेवर आहे ना बघावं तशी. अक्काने हात धुतले, पदराला पुसले, आतल्या खोलीत गेली आणि भुईवर एका कुशीला आडवी झाली. रोटांच्या दिवशी तिला दिवसाउजेडी पाठ टेकताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो दिवस तिचा असायचा. परातीपासून दिव्याच्या वातीपर्यंत सगळं तिच्या हातून जायचं आणि बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

स्वयंपाकघरातून पुतण्याच्या बायकोने हाक मारली. "अक्का, पिठात मीठ किती टाकू?"

अक्काने डोळे उघडले नाहीत.

"तुमना अंदाजनं टाका," ती म्हणाली.